पणजोबांना कौल लावला

नाही, पण मी म्हणतो, स्वतःच्या पणजोबाला हात लावायला माणसाला आंघोळ कशाला लागावी? सांगा ना! तुम्ही लांबून आलात, पडवीत बसलात, चहा घेतलात, आणि साधं एवढंच म्हणालात की काका, तुमच्या घरचं मेडल कुठलं ते दाखवा... मी उठलो, देवघराकडे नुसता वळलो, तर आतून बायको, "अहो, पारोशानं नाही हं!" पारोसा! मी! ज्यानं पणजोबांना हुडकायला निम्मा रायगड जिल्हा पालथा घातला, तो मी पारोसा!

बरं, बंब आत्ताच पेटवलाय, पाणी तापेस्तोवर वेळ आहे. ऐका.

मी अंबाजी. मुंबईला कंपनीत फिटर होतो, रिटायर झालो आणि इथं श्रीवर्धनच्या अलीकडे, आपल्या भातशेतीवर येऊन बसलो. आता रिटायर माणूस गावात काय करतो? देवळाच्या पायरीवर बसतो आणि सरकारला शिव्या देतो. मला ते जमेना. मी मेडलं जमवायला लागलो. लढाईची मेडलं, टोपीवरचे बिल्ले, पट्ट्याची बक्कलं, पाण्याच्या बाटल्या... आमच्या ह्या पट्ट्यातून कितीतरी माणसं पलटणीत गेली, पण घरच्यांना आपल्याकडे काय पडलंय त्याचा पत्ता नाही! एके ठिकाणी तोफगोळ्याचं पितळी नळकांडं, खरंखुरं लढाईतलं, त्यानं भात मोजत होते. मापटं म्हणून! उरणला एका मिठागरवाल्याच्या अंगणात शिपायाचं लोखंडी हेल्मेट दिसलं, धावत गेलो, तर आत कोंबडी. खुडूक! मालक म्हणाला, "पिलं निंगाली का मंग ने." आता? मी सोडतोय होय! दर आठवड्याला एसटीनं उरण. कोंबडीची तब्येत विचारायला! तांदळाच्या कण्या घेऊन जायचो तिच्यासाठी, लवकर मोकळी व्हावी म्हणून. आणलं ते हेल्मेट. त्या कपाटात आहे बघा. आतून अजून कोंबडीचाच वास येतो, पण आहे.

तर असं करता करता कपाट भरलं. काचेचं कपाट, आत दिवा, खाली निळी मखमल. मेडलला उघडा हात लावायचा नाही, घाम लागतो, म्हणून पांढरे हातमोजे. पॉलिश तर अजिबात नाही! चांदीवरचा काळेपणा म्हणजे तिचं वय, ते पुसायचं नाही. हे नियम मी भिंतीवर लिहून लावले. आणि एक दिवस आला शेजारचा काळूराम. शाळेपासूनचा दोस्त. सगळं कपाट बघितलं, मान हलवली आणि म्हणतो कसा, "झ्याक हाय. पन अंबाजी, ह्ये सगले दुसऱ्यांचे पनजोबे. ह्यातला तुजा कंचा?"

तुम्हाला सांगतो, लागलं. आत कुठंतरी लागलं. कारण माझा पणजोबा होता! विठोबा. पहिल्या महायुद्धात शिपाई, बोटीत बसून पार इराकात, बसऱ्यापर्यंत गेला, लंगडत परत आला. आणि घरात त्याचा फोटो नाही, काठी नाही, पागोट्याची चिंधी नाही. काही म्हणजे काही नाही! वडील सांगायचे, चांदीचं मेडल होतं एक. पण पणजोबांची मुलगी, म्हणजे वडिलांची केसरआत्या, लग्न होऊन हरिहरेश्वरकडे गेली, तेव्हा पोरीला द्यायला घरात चांदीचं दुसरं काही नव्हतं, म्हणून बापानं छातीवरचं काढून तिच्या ओटीत घातलं. म्हणजे ह्या माणसाची जगात उरलेली एकच खूण, आणि ती केसरआत्याच्या सासरी! आता मी सोडतोय होय!

गेलो. मिनिडोअरमध्ये, म्हणजे आमच्याकडची सहा आसनी रिक्षा, मांडीवर दुसऱ्याचा पोरगा आणि पायाशी मासळीची पाटी, अशा थाटात गेलो. सुपारीच्या वाडीत घर. केसरआत्या तर केव्हाच वारली, घरात तिची सून, नीराबाई. ऐंशीच्या घरातली, पण आवाज असा की वाडीतली माकडं पळावीत. मी म्हटलं, "काकी, आत्यानं माहेरून चांदीचा बिल्ला आणला होता, शिपायाचा..."

"बिल्ला न्हाय बा काय. सासूबाईंनी म्हायेरून द्येव आनला व्हता. खंडोबा."

"खंडोबा? चांदीचा?"

"मंग काय पत्र्याचा?"

आणि देवघरात बघतो तो काय! ताम्हणात तांदूळ, तांदळावर आमच्या मराठी घरात असतात तसे देवांचे चांदीचे टाक, आणि त्यांच्या मधोमध, भंडाऱ्यानं पिवळाजर्द झालेला, गोल, घोड्यावर बसलेला... अहो, माझ्या कपाटात असलीच मेडलं आहेत ना, पाचपन्नास वेळा निरखलेली! एका बाजूला इंग्रजांचा राजा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार! हातात छोटी तलवार, वर सूर्य, घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी. आता तुम्हीच सांगा, घोडा आहे, तलवार आहे, पायाखाली मुंडकं आहे, आपल्याकडे ह्याला दुसरं कोण म्हणणार? झालं! वरची कडी सोनारानं कापली, राजाला तांदळात पालथा घातला आणि शंभर वर्षं येळकोट येळकोट!

पण हेच आपलं कशावरून? त्याला एक खूण. ह्या मेडलांच्या काठावर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. बघायचं तर हातात घ्यायला हवं. हातात घ्यायचं तर, "आंघोळ कर आदी!" केली. विहिरीवर, थंड पाण्यानं. ओल्या पंच्यानं देवापुढे गेलो, मुठीत भिंग लपवलं, टाक हळूच ओंजळीत घेतला आणि नमस्कार म्हणून जो वाकलो तो वाकलोच! काठावरची अक्षरं भंडाऱ्यानं भरलेली, एकेक अक्षर पिवळं उठून दिसत होतं. व्ही... आय... टी... मी आडवाच! मागून नीराकाकी शेजारणीला सांगतायत, "काय भक्ती हाय गो पोराची!" एच... ओ... बी... ए. विठोबा! डोळ्यांतून टपटप पाणी. म्हातारी म्हणाली, "बग, रडतो बी."

मग मी, गाढव, खरं बोललो. "काकी, हा खंडोबा नाही. हे माझ्या पणजोबांचं लढाईतलं मेडल. उलटं करा, मागे इंग्रजाचा राजा आहे. आणि हा स्वार बघा, अंगावर कपडा तरी आहे का?"

म्हातारीनं टाक उलटा केला नाही. ढळलीच नाही जागची. म्हणाली, "इतकी वर्सं पुसून पुसून द्येवाचं धोतार झिजलं, त्यात नवल काय? माज्या लग्नात तळी भरली ती ह्याच्याम्होरं. माजा पोरगा तापात फनफनला तवा म्यां हाक मारली ती ह्यालाच. त्यो उठला. आता तू म्हंतोस ह्यो न्हाय. मंग उठवलं कोनी? इंग्रजानं?"

वर म्हणते कशी, "तुला पायजेल ना? मंग मला नको इचारू. द्येवाला इचार."

म्हणजे कौल! गुरवाला बोलावलं, गणराज गुरव. त्यानं मेडल तांदळाच्या राशीला टेकवून उभं केलं, घोड्याच्या दोन अंगांना दोन फुलांच्या कळ्या पाण्यानं चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गणराजनं डोळे मिटले, "बा खंडेराया, ह्यो लेकरू तुला घराला न्ह्यायला आला हाय..." आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत, टप! डावी!

मी म्हटलं, पंखा चालू होता! वारा लागला! धरायचा नाही हा! गणराज म्हणाला, "म्हाराजा, द्येवाला अपील नस्तं."

नसतं? मी सोडतोय होय! श्रीवर्धनला सोनाराकडून खंडोबाचा नवा टाक घडवून घेतला. ठसठशीत! धोतर, अंगरखा, सगळं चोख. म्हटलं, ह्या घरात खंडोबा हवा ना, हा घ्या खरा खंडोबा आणि माझा माणूस मला द्या. पुन्हा मिनिडोअर, पुन्हा विहीर, पंखा बंद, खिडक्या बंद, श्वास बंद. "बा खंडेराया..." टप. डावी! मी नवा टाक पिशवीत भरायला लागलो, तर म्हातारीनं हात धरला. "आल्येला द्येव परत धाडतात व्हय? ऱ्हाऊ दे त्याच्या सोबतीला." घरी आलो तर बायको सगुणा म्हणते, "एक देव आणायला गेलात आणि एक देऊन आलात. आता नका जाऊ, घरातले संपतील."

पण रात्रभर विचार केला आणि एकदम ट्यूब पेटली! आपण चुकतोय कुठं? गुरव हाक कुणाला मारतोय? खंडेरायाला! आणि खंडेराया त्या मेडलवर आहे कुठं? दारावर थाप एकाच्या आणि बोलवायचंय शेजारच्याला, तो येईल कसा? तिसऱ्यांदा गेलो आणि म्हटलं, गणराज, सरक. गाऱ्हाणं मी घालणार.

हात जोडले आणि म्हटलं, "पणजोबा, मी तुमचा पणतू. अंबाजी. घरी तुमचा फोटो नाही. तुम्ही दिसायला कसे होतात, मला ठाऊक नाही. दुसऱ्यांची आजोबा-पणजोबा मंडळी कपाटभर जमवली, पण माझं माणूस त्यात नाही. लेकीकडे पुष्कळ राहिलात. आता घरी चला."

आणि कळ्या? जागच्या हलेनात! डावीही नाही, उजवीही नाही. गणराज टक लावून बसलेला. म्हातारीचा अडकित्ता सुपारीवर थांबलेला. वाडीत नारळाची झावळी पडली, सगळे दचकलो, कळ्या तशाच! मला वाटलं, म्हातारा विचार करतोय... बसऱ्याहून निघायचं म्हणजे वेळ लागणारच... आणि पडली! उजवी!

मी नाचायचाच बाकी. तर नीराकाकी शांतपणे सुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, "द्येव व्हय म्हनला. मी कुटं म्हनलं? लेक द्यायची तर मानसं घर बगतात. द्येव द्यायचा तर बगाया नको?"

आल्या की! रिक्षा करून, पदराखाली मेडल. सगुणानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. मी मोठ्या तोऱ्यात कपाटापुढे नेलं, हातमोजे चढवले, दिवा लावला... आणि म्हातारी किंचाळली!

"आगं बाय माजे! येवढे खंडोबे!"

कारण कपाटात काय? तीच मेडलं! ओळीनं! घोडेस्वारच घोडेस्वार, प्रत्येकाखाली माझी चिठ्ठी. "काचंत कोंडलेस? भंडारा न्हाय, फूल न्हाय, काले पडलेत उपासानं! आनि ह्यांच्या अंगाव तर चिंधी बी न्हाय, कापडं बी उतरवलीस रं द्येवांची?" सगुणाकडे बघितलं, तर ती कधीच हात जोडून उभी! म्हातारीनं निकाल दिला, "ह्या सगल्यांना पाटावर बसव. रोज पूजा. चंपाषष्ठीला वांग्याच्या भरीत-भाकरीचा निवद. न्हायतर माजा म्यां माघारी न्हेत्ये."

आता काय करू? चांदीवरचं शंभर वर्षांचं वय, त्याला हळद? पिवळी हळद?! पण पदराआड पणजोबा! दारापर्यंत आलेले! तुम्हाला सांगतो, मी माझे हातमोजे काढले, भिंतीवरचे नियम काढले, आणि म्हटलं बसवतो! इथवर आणून मी सोडतोय होय!

तळी भरली. काळूराम येळकोट ओरडून ओरडून घसा बसवून गेला. जाताना नीराकाकींनी पणजोबांना पाटावर ठेवलं आणि हात काही लवकर काढेनात. म्हणाल्या, "सासूबाई मरताना ह्याला 'बाबा' म्हनायच्या. आमाला वाटायचं, भक्ती म्हून." म्हणजे तिला माहीत होतं हो! केसरआत्याला! सगळ्यांनी देवाला हळद वाहिली आणि ती रोज सकाळी आपल्या बापाला!

तेव्हापासून मीपण तेच करतो. रोज सकाळी एकेक उचलतो, काठावरचं नाव मोठ्यानं वाचतो आणि हळद वाहतो. कुणाचे तरी पणजोबाच ना ते? कुठल्या तरी गावात त्यांच्याही घरी फोटो नसेल. पण काय झालंय, हळदीनं आता सगळे एकसारखे पिवळे! सगुणा चिंचेनं घासून पुन्हा मांडते तेव्हा जागाही बदलते! परवा काळूराम आला, पाट बघितला, आणि म्हणतो कसा, "झ्याक हाय. पन ह्यातला तुजा कंचा?"

आता तो सांगायचा तर काठ बघायला हवा, काठ बघायचा तर उचलायला हवं, आणि उचलायचं तर... आलं ना लक्षात? काय गं? तापलं? बरं. बसा मंडळी, मी आंघोळ करून येतो आणि दाखवतो. आणि तुमच्यापैकी कुणाला जवळून बघायचं असेल तर आत्ताच सांगा... बंब मोठा आहे, पण टॉवेल दोनच आहेत.