टाकीवरची बडबड

आमच्या वायनरीतली नवी टाकी सगळ्यात आधी मी चालवली, इंजिनिअरच्या बी आधी. पहिल्याच झटक्यात निम्मी द्राक्षं छताला लावली, डाग अजून हाय, दाखवीन तुम्हाला.

आता पहिल्यापासनं सांगतो ताई. मी बबन, जन्म कात्रजचाच. शाळेत घातलं होतं, पण मास्तर बापाला म्हणले ह्याला घरी ठेवा, बाकीची पोरं शिकत्यात, अन् घरचे म्हणले ह्याला बाहेर ठेवा, आम्हाला जगायचंय. मग हमाली केली, मग वड्याची गाडी टाकली, वडे मीच खाल्ले, गाडी बुडाली. शेवटी घाटापलीकडं वायनरीत लागलो. पीत न्हाई हां मी, मला ती आंबट लागती. बायको म्हणती एवढी एकच अक्कल हाय, ती बी जिभेला.

तर काम कसं, की काळी द्राक्षं चिरडून सालासकट टाकीत घालायची, कारण लाल रंग सगळा सालातच असतो. ते आंबायला लागलं की आतनं गॅस सुटतो अन् सगळी सालं वर ढकलतो, दुधावर धरती तसा जाड थर, म्हणून आम्ही त्याला सायच म्हणायचो. ती वर वाळली की माल बिघडला. म्हणून फळीवर उभं राहून लांब दांड्यानं ती खाली दाबायची, अन् दाबली की परत वर येती, माझ्या सासूसारखी. अन् तो गॅस, काय सांगू तुम्हाला, दिसत न्हाई, टाकीच्या तोंडाशी साचून राहतो, नाकात गेला की माणूस गपकन आत. म्हणून वर दोघांनी चढायचं, एकानं दाबायचं अन् दाबताना तोंडानं आवाज चालू ठेवायचा, दुसऱ्यानं कान देऊन उभं राहायचं. आवाज थांबला की ओढायचं.

माझ्या जोडीला रघू आण्णा, माझ्यापेक्षा वयानं थोर, दंड असे. आण्णा दाबताना नुसतं हं, हं करायचे, तेवढाच त्यांचा आवाज. मी मात्र सुटायचो, बायको, सासू, शेजारणीचं कुत्रं, काय वाट्टेल ते. एकदा मधीच गप झालो तर आण्णांनी मानगूट धरून खाली आपटला मला. म्हणलं आण्णा, अहो इचार करत होतो. म्हणले, तुला तसलं करताना कधी बघितलं न्हाई, मला कसं कळणार?

अन् मग ती नवी टाकी आली. तिच्या पोटात मोठं नरसाळं बसवलंय, त्याच्याखाली तोच गॅस कोंडून राहतो, अन् बाहेरचा व्हॉल्व उघडला की भसाभसा वर येतो अन् साय आपोआप फोडून, घुसळून टाकतो. ज्याला आम्ही जन्मभर भ्यायलो, त्यालाच कामाला लावला बगा. मॅडम, म्हणजे वाइन बनवणाऱ्या आमच्या मॅडम, म्हणल्या बबन, हळूहळू उघड. पण मला दांड्याची सवय, मी दिला सगळा जोर. मॅडमच्या केसात साल, आण्णांच्या सदऱ्यावर साल, छताला साल. आण्णा नुसतं हं म्हणले.

आम्हाला कामावर लावणारा कंत्राटदार म्हणला आता टाकीवर एकच माणूस पुरे. मी घरी सांगून बी टाकलं की आपलं संपलं. तर मॅडम म्हणल्या, बबनला ठेवा, एकदा अंगावर उडालंय, आता हा जन्मभर हळू उघडंल. अन् ज्या आण्णांनी कधी एक साल बाहेर सांडलं न्हाई, ते घरी गेले. आता कोथरूडला एका सोसायटीत वॉचमन हायत.

मी आता खाली जमिनीवर उभा राहून व्हॉल्व फिरवतो. आत गुडगुड गुडगुड होतं. मी बोलत असतो, सवय, पण हं म्हणायला कुणी न्हाई. मॅडम विचारत्यात फोनवर कोण हाय. काय सांगू, टाकी हाय म्हणू?

ह्या हंगामाला वाइन काढून घेतल्यावर टाकीच्या तळाला उरलेली सालं उपसायला माणूस पायजे होता. मी मॅडमच्या मागं लागलो, त्या म्हणल्या आण. रविवारी बस धरून कोथरूडला गेलो. आण्णांनी स्वतःची खुर्ची मला दिली, आपण पायरीवर बसले. म्हणलं आण्णा, चला, फावडं मी मारतो, तुम्ही नुसतं बाजूला उभं राहा. तेवढ्यात कुणाची तरी गाडी आली, उठले, गेट उघडलं, लावलं, परत बसले. म्हणले गुडघे चढू देत न्हाईत आता. मी म्हणलं, अहो वर चढायचंच न्हाई राहिलं. म्हणले, तेच तर.

मला पुढं काय बोलावं कळंना, म्हणून मी बोलतच सुटलो, सासू झाली, कुत्रं झालं, छताचा डाग झाला, परत सासू. आण्णा गेटकडं बघत बसलेले, हं न्हाई का चूं न्हाई.

शेवटी म्हणले, बबन्या, तवा तू बोलायचा थांबलास तर ओढायला लागायचं म्हणून ऐकत होतो. आता खुर्चीत बसलायस. गप बस.