अर्धं घर राहण्याचं

माननीय अध्यक्ष शिवदासजी तेली, व्यासपीठावरचे पाहुणे, घाटकोपर-मुलुंडकडचे माझे फोटोग्राफर बंधू-भगिनी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या करसल्लागार वनमालाताई करंगुटकर,

मला बोलायला उभं केलंत, ही मंडळाची चूक. माझी जागा कॅमेऱ्याच्या मागे. पण ताई उद्या कायमच्या वेंगुर्ल्याला बहिणीकडे निघाल्यात, तेव्हा गप्प बसणंही बरं नव्हे.

आपल्यासारख्या स्वतंत्र धंदा करणाऱ्यांना इन्कमटॅक्स समजावला कुणी? जून उजाडला की फोटोपेपरच्या रिकाम्या खोक्यात पावत्या कोंबून आपण ताईंच्या दारात हजर. पेपर, फोटो धुवायचा हायपो, फ्लॅशची दुरुस्ती, लग्नाच्या हॉलपर्यंतची रिक्षा, हे सगळं खर्चात जातं. कॅमेऱ्याचा घसाराही मिळतो. आणि सफारी सूट? जयवंतराव समोरच बसलेत, त्यांनी माफ करावं. ते म्हणाले होते, "ताई, ऑर्डरला सफारी लागतोच ना, मग लावा खर्चात." ताई म्हणाल्या, "आणि मेहुण्याच्या साखरपुड्याला काय घालून गेला होतात?" तो फोटो जयवंतरावांनीच त्यांना कौतुकाने दाखवला होता.

हसा, हसा. मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो.

माझं घर भटवाडीत, दोन खोल्यांचं. बाहेर पडदा आणि दिवे लावून स्टुडिओ, आत स्वयंपाकघर. जेवणं आटोपली की नलिनी, म्हणजे माझी पत्नी, ओटा पुसून द्यायची, खिडकीला काळं कापड लावायची. मग मी तिथे ट्रे मांडून फोटो धुवायचो. सकाळी चहाच्या आधी तिला ओटा मोकळा लागायचा, नाहीतर माझी धडगत नसे. म्हणून ताई दरवर्षी लिहायच्या, अर्धं घर धंद्याचं, अर्धं राहण्याचं. भाडं आणि वीजबिल निम्मंच खर्चात.

नलिनीला जाऊन आता दोन वर्षं होतील. ट्रे उचला म्हणणारं कुणी उरलं नाही, मग ते तिथेच राहिले. ओल्या फोटोंची दोरी स्वयंपाकघरभर फिरली. कॉटवर अल्बम चढले आणि मी चटईवर उतरलो. यंदा ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "धंद्याला घर किती?" मी म्हटलं, "सगळं." तेवढाच टॅक्स कमी बसेल, असा माझा हिशेब.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जेवता कुठे, दशरथराव?"

"ओट्यापाशी, उभ्यानेच. ट्रे जरा सरकवून."

"मी अर्धंच लिहिणार."

"पण ताई, ते खोटं होईल ना."

"खोटं मी लिहीत नाही, ठाऊक आहे ना? मग घरी जा आणि ते खरं करा. सही त्यानंतर."

मला राग आला. रागातच ट्रे बाहेर पडद्यामागे नेले, दोरी सोडली, ओटा घासला. हायपोचे डाग निघाले नाहीत, ते आहेत अजून. भात लावला, तो करपला. तरी सवयीने दोन पाट मांडले आणि जेवायला बसलो. समोरचा पाट रिकामा. तो दिसू नये म्हणून तर मी घरभर धंदा पसरला होता, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी फार रडलो. पण जेवलो बसून.

मग ताईंनी अर्धं घर लिहिलं आणि सही केली. पुढच्या जूनला दुसरे सल्लागार मिळतील, पावत्याही नीट तपासतील. पण जेवता कुठे, हे मला कोण विचारणार?

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कुठे डाग राहिला असेल तर आपल्या धंद्याच्या रीतीने टचिंग करून घ्या.

आणि ताई, तुमची एस.टी. संध्याकाळची आहे. आमची घरं तुम्ही कागदावरच पाहिलीत. उद्या दुपारी माझ्याकडे जेवून मग निघा. भात आता करपत नाही. दुसरा पाट मांडून ठेवतो.