बारशाला सुटलेलं नाव

पाळी जाताजाता माणसांची नावंही आठवेनाशी झाली, तेव्हा आईसारखं आपलंही डोकं जाणार या धास्तीने गीतांजली घरी "बँकेत जाते" असं सांगून कोपरखैरण्याला डॉक्टरीणबाईंकडे आली होती. समोरच्या बाकावर तपासून आलेल्या नणंद-भावजय औषधांसाठी थांबल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ होतं.

"बारशाचं ऐकून डॉक्टरीन कशी हसली गं, नमिता!"

"हसणारच ना, विमलताई. आत्या तुम्ही, आणि कानात सांगायच्या वेळी नावच विसरलात!"

"पाळन्यावर वाकले नि रेयांश डोक्यातून गेलाच. तुला खुणावलं, तर तू माझ्याकडं बघत बसलीस."

"मलाही आठवेना हो! पोटच्या पोराचं नाव!"

"मंग तोंडात आलं ते बोलले. गोटीराम!"

"तुमच्या आजोबांचं! आपल्या वडिलांचं नाव ऐकून पप्पा किती रडले आनंदाने."

"पन ते इस्ट्रोजेनचं काय बोलली ती?"

"बायकांच्या अंगातलं हार्मोन ते. वयात येताना वाढतं, बाळंतपणानंतर एकदम उतरतं, पन्नाशीत चढउतार होत कमी होतं. मेंदूला त्याची सवय असते. त्याच्याविना बस्तान बसायला वेळ लागतो, तोवर विसरायला होतं, म्हणाल्या."

"म्हंजे तुझा नि माझा दुखना एकच!"

गीतांजलीला राहवेना.

"मग आता हाक काय मारता?"

"गोटीराम! रेयांश बोला, बघत पन नाय."

गीतांजली खळखळून हसली आणि तिने फोन लावला.

"अहो, मी बँकेत नाही, डॉक्टरकडे आलेय. घाबरू नका, पण या तुम्ही. आणि येताना टेबलावरची माझ्या रिपोर्टची फाइल आणा, विसरलेय."