‘कोमेर’साठी ताटावरून उठले

मुलगी: तो गेला, बाबा. तुमची वाट बघून बघून गेला. आता खोलीचं दार उघडून काय उपयोग?

बाबा: गेला? अगं, त्यालाच दाखवायला शोधत होतो. हे बघ. स्पॅनिशमधलं ‘कोमेर’, म्हणजे खाणं, लॅटिन ‘कोमेदेरे’वरून आलं. त्यातला ‘कोम’ म्हणजे इथे ‘एकत्र’ नव्हे. ‘पार संपवून’. ‘एकत्र जेवणं’ असं तो चुकीचं बोलला.

मुलगी: मी शिकवलं होतं त्याला. तुमच्या स्पॅनिश-मराठी कोशातलं काहीतरी बोलला तर तुम्हाला बरं वाटेल म्हणून. पाठ करत होता बिचारा.

बाबा: मग नीट शिकवायचं.

मुलगी: आणि मला कुणी शिकवलं? लहानपणी मी ताट घेऊन कोपऱ्यात बसले की कोण म्हणायचं, ‘कोमेर म्हणजे एकत्र जेवणं, चल इकडे’?

बाबा: तू जेवायची नाहीस गं. पोरीला समजवायला काहीतरी सांगतो माणूस.

मुलगी: म्हणजे थाप मारलीत. तीच थाप त्यानं तुम्हाला ऐकवली तर ‘अर्धवट माहितीवर बोलू नये’ म्हणून अर्ध्या जेवणातून उठलात. लग्नाचं विचारायला आला होता तो. आई सकाळपासून राबली, तिचा चेहरा तरी बघितलात?

बाबा: चूक ती चूक. उद्या कोश छापायला जायचाय.

मुलगी: खड्ड्यात गेला तुमचा कोश.

बाबा: ऐक तर. खाण्याचा मूळ धातू, तो ‘एद्’, स्पॅनिशमध्ये झिजून गेला. आपल्या ‘अन्न’ शब्दात ‘अद्’ होऊन अजून आहे. सख्खं नातं...

मुलगी: नाती मला नका सांगू. हजारो वर्षांपूर्वीचा चुलतभाऊ तुम्हाला बरोबर सापडतो, समोर बसलेला होणारा जावई दिसत नाही. खरं सांगा, शब्दासाठी उठलात?

बाबा: नाही.

मुलगी: मग?

बाबा: तो तुझ्या ताटात वाढत होता. न विचारता. आणि तू मुकाट्यानं खात होतीस. आमच्या हातून कधी खाल्लंस असं? मला बघवेना.

मुलगी: मग त्याचा राग त्या बिचाऱ्यावर कशाला काढलात? ‘तुझ्या बाबांना मी नकोय’ म्हणाला जाताना. काय तोंड दाखवू मी त्याला?

बाबा: फोन लाव.

मुलगी: तुमच्या वतीनं मी माफी मागणार नाही.

बाबा: तू नको. दे इकडे. (फोन कानाला लावून) हॅलो... मी हिचा बाबा. कुठपर्यंत पोचलास रे? माझं जेवण राहिलंय अजून.