हक्क द्यायचे राहिले

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मावशींचे कान शेजारच्या नवरा-बायकोकडे लागले होते. नवऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“आपल्या दुकानाच्या साइटची नव्या सर्व्हरवर हुबेहूब नक्कल केली गं, पण सगळी माहिती ज्यात आहे तो डेटाबेस दारातूनच हाकलतोय. म्हणतो, परवानगी नाही. संध्याकाळी साइट सुरू करायचीय!”

“पासवर्ड?”

“बरोबर आहे.”

“नवा यूजर केलास?”

“केला की! नाव दिलं, आत आणून बसवला.”

“आणि हक्क?”

“कसले हक्क?”

“वाचायचे, लिहायचे, बदलायचे. नुसतं नाव देऊन आणून बसवलं की झालं?”

“मला वाटलं, ते आपोआप मिळतात.”

“लग्नात मलाही तसंच वाटलं होतं.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. हक्क मुख्य यूजरच देतो.”

“मुख्य कोण?”

“तुझी आई.”

“घरात नाही गं, साइटवर!”

“तिथेही त्याच. मुख्य खातं तूच हौसेनं त्यांच्या नावावर काढलंस ना? पासवर्ड त्यांच्याकडेच आहे.”

त्याने फोन लावला. “आई, नव्या यूजरला हक्क द्यायचेत... हो, सगळेच... बरं.”

“काय म्हणाल्या?”

“वाचू दे म्हणते. पण बदलायचं काही नाही.”

मावशींनी गालावरचा हात काढला. “बरोबरच आहे त्यांचं!”