निरूच्या पोटातला अडकित्ता

— नाही, फरक काहीच नाही, डॉक्टरसाहेब. बसा ना, एवढ्या लांब पाणीगेटापर्यंत टांग्यानं आलात — हळू बोलते हं, निरूचा आत्ताच डोळा लागलाय. कालही वाटीभर दूध प्यायली आणि जसंच्या तसं बाहेर पडलं. मनगट बघा तिचं, माझ्या दोन बोटांत मावतं — आठ वर्षांच्या पोरीचं. शेजारच्या शांताबेन म्हणतात, नजर लागी छे — मी मीठमोहऱ्या उतरवल्या, सोमवार धरले, तरी पोरीची उलटी काही थांबत नाही.

तुम्ही दिलेली पाचक पूड? छे हो, एकदाही चुकली नाही. तुम्ही समजावलंत ते पाठ आहे माझं — म्हणू? पोटात अडकित्ते असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या तोंडात घास बरोबर बसला की कचकन तुकडे, आणि अडकित्ता होता तसाच, पुढच्या घासाला मोकळा — म्हणून पूड चिमूटभर पुरते. शिवाय ज्याचा त्याचा अडकित्ता निराळा. भाताचा लाळेत, दूध-डाळीचा जठरात. निरूकडे तोच कमी, म्हणून बाहेरून द्यायचा. हे सरकारच्या पागेतल्या कामावरून घरी आले, तर त्यांनाही मी हेच सांगितलं.

कशात देते? पाण्यातच की. म्हणजे — ती पूड डुकराच्या जठरातून काढतात म्हणालात ना, आणि माझं सोमवारचं व्रत, ती देवघरासमोरून न्यायची — म्हणून आधी तुळशीचं पान टाकून खळखळ उकळते. अग्नीनं सगळं शुद्ध होतं ना. चांगली रटरटवते आणि मगच तिच्या ओठांना —

असं काय बघताय?

अडकित्ता... आमच्या सासूबाईंचा एकदा चुलीत पडला होता. काढला, पुसला, दिसायला तोच — पण तोंड वाकलेलं, सुपारी म्हणून बसेना त्यात. म्हणजे मी रोज — देवाचं नाव घेत — माझ्याच हातानं पुडीतले अडकित्ते उकळून वाकवत होते —

नाही, रडत नाही. पोरगी आहे अजून, श्वास चालू आहे. नवी पुडी आणलीय ना पिशवीत? आणि पाणी नुसतं कोमट, एवढंच? थांबा, तुम्ही नका कालवू. व्रत माझं, महादेवाला काय सांगायचं ते मी सांगेन. वाटी द्या इकडे. आणि तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसा, डॉक्टरसाहेब — कुणी बघत असलं की माझ्या हातून सांडेल.