कांशाची वजनं

रामचंद्रपंत : पुन्हा विचारतो, धर्माजी. हे शंखाची खूण असलेलं वजन तुला कुठं मिळालं?

धर्माजी : सांगितलं की, पंत. तुमच्याच वाडीत. पोफळींचा पाट खोल करत व्हतो, कुदळीला खणकन लागलं.

रामचंद्रपंत : आणि हे नंदीचं?

धर्माजी : ते पन तिथंच. जरा वरच्या अंगाला.

रामचंद्रपंत : काल मुंबईत ज्यांना ही दाखवली, ते जन्मभर जुनी वजनं पारखत आलेत. त्यांनी नंदी ओल्या फडक्यानं नुसता पुसला. हिरवा गंज फडक्याला आला. खाली कानशीचे ओरखडे, अजून चकचकीत. म्हणाले, हे सातवाहनांच्या वेळचं नव्हे, दोन-तीन पावसाळ्यांमागचं आहे.

धर्माजी : मला त्यातलं काय कळतंय?

रामचंद्रपंत : मग चल, काळूराम ओताऱ्याकडे जाऊ. असं ओतकाम इकडे त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही. तुझ्यादेखत विचारतो त्याला.

धर्माजी : त्याच्याकडं नको, पंत. घरात विचारा.

रामचंद्रपंत : घरात? घरात कुणाला?

कृष्णाबाई : मला. त्याला जाऊ द्या, केव्हाचा उन्हात उभा आहे.

धर्माजी : वैनी, मी न्हाय कायबी बोललो.

कृष्णाबाई : ठाऊक आहे मला. तू जा.

(धर्माजी मुंडासं सावरत अंगणाचं बेडं सरकवून वाटेला लागतो. पंत ओटीवर बसतात आणि वजनांच्या पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरतात. आतली वजनं एकमेकांवर वाजतात, तेवढंही त्यांना सोसत नाही.)

रामचंद्रपंत : तू करवून घेतलीस ही?

कृष्णाबाई : शंख, नंदी आणि ती गोल वजनं, तुम्ही मणी म्हणता त्यांतले काही. पहिली तीन-चार धर्माजीला खरीच मिळाली होती, तळ्याकाठी.

रामचंद्रपंत : कशासाठी?

कृष्णाबाई : आपला दत्तू तापात गेला, त्यानंतर तुम्ही कसे झाला होतात, आठवतं?

रामचंद्रपंत : त्याला यात आणू नकोस.

कृष्णाबाई : त्याच्याशिवाय सांगता यायचं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. पेज उशाशी निवून जायची. मग धर्माजीनं ते पहिलं वजन आणलं आणि तुम्ही उठून बसलात. म्हणालात, गुंजा आण, तोलून बघू. त्या दिवशी पोटभर जेवलात. पुढं तळ्याकाठासकट सगळी वाडी खणून झाली, काही निघेना. तुम्ही परत भिंतीकडे वळलात. तेव्हा मी काळूरामाच्या दारात गेले.

रामचंद्रपंत : म्हणजे मला जगवायचं म्हणून फसवलंस.

कृष्णाबाई : हो.

रामचंद्रपंत : माझी शोभा होईल हे मनात नाही आलं?

कृष्णाबाई : तुम्ही ती मुंबईला न्याल असं कुठं वाटलं होतं? म्हटलं, फळीवर मांडाल, पुसाल, तोलाल. दिवस जाईल.

रामचंद्रपंत : खरी होती तीही त्यांनी पिशवीत परत टाकली. खोट्यांत मिसळलेली, आता पारखण्यात अर्थ नाही म्हणाले. मी सांगत राहिलो, चौलच्या बंदरात मिरी तोललेली वजनं आहेत ही. त्यांनी उठून दार उघडलं.

कृष्णाबाई : वाईट झालं.

रामचंद्रपंत : काळूरामानं धातू मात्र बरोबर साधला. पितळ असतं तर मी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. इतकं चांगलं कांसं त्याला मिळालं कुठं?

कृष्णाबाई : मी दिलं.

रामचंद्रपंत : तू कुठून आणलंस?

कृष्णाबाई : दत्तूचं ताट.

रामचंद्रपंत : मुंजीतलं?

कृष्णाबाई : माझ्या भावानं दिलेलं. घरात कांसं तेवढंच होतं. काळूरामही म्हणाला, वैनी, विचार करा. मुशीत मावेना म्हणून त्यानं ते आधी तोडलं. मी त्याच्या परसात जाऊन उभी राहिले, तरी आवाज आलाच.

रामचंद्रपंत : मला विचारायचं होतंस.

कृष्णाबाई : तुम्ही विचाराल म्हणून मी थांबले होते. मांडणीवरची जागा रिकामी, आणि तुम्ही रोज तिच्यासमोर जेवायला बसता. कुण्या काळच्या वाण्याचं वजन गुंजभर कमी भरलं तर तुमचा डोळा लागत नव्हता. पोराचं ताट कुठं गेलं, हे एकदा तोंडातून आलं नाही.

रामचंद्रपंत : त्या बाजूला बघवत नव्हतं मला.

कृष्णाबाई : मला रोज तिथूनच भांडी काढायची होती.

रामचंद्रपंत : येताना आगबोटीतून सगळी समुद्रात टाकणार होतो. हात उठला नाही.

कृष्णाबाई : तुमची टाका हवी तर. त्याच्या ताटाची तेवढी मला वेगळी काढून द्या.

रामचंद्रपंत : हा शंख. हा नंदी.

कृष्णाबाई : आणि मणी?

रामचंद्रपंत : हा... नाही, हा तळ्याकाठचा असेल. हे दोन सारखेच दिसतात. पुसून बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं.

कृष्णाबाई : पुसू नका.

रामचंद्रपंत : मग ओळखू कसे?

कृष्णाबाई : नका ओळखू. सगळेच इकडे द्या.